टाकीतला वायू : एका इंधनाचा जुना हिशेब

मोटारीत नैसर्गिक वायू वापरणे ही अलीकडची कल्पना आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अंतर्ज्वलन एंजिन वाढले तेच मुळी वायूवर. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार यांनी बनवलेले एंजिन आणि १८७६ साली जर्मनीत ऑटो यांनी यशस्वी केलेले चार स्ट्रोकचे एंजिन, ही दोन्ही दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर चालत. कारखान्यात एका जागी बसवलेल्या एंजिनाला नळाने वायू पुरवता येतो. गाडीला मात्र आपले इंधन बरोबर घेऊन फिरावे लागते. १८८६ साली बेंझ यांची मोटार रस्त्यावर आली, ती द्रव इंधनावर.

असे का झाले, हे साध्या गणिताने कळते. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. एक लिटर पेट्रोलमधून मिळते तेवढी ऊर्जा हवी असेल, तर नेहमीच्या दाबाचा सुमारे ९०० लिटर मिथेन लागतो. कोळशाच्या वायूत याच्या जेमतेम निम्मी ऊर्जा असते. पहिल्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये काही बसगाड्यांच्या टपावर कोळशाच्या वायूने भरलेली प्रचंड पिशवी बांधत. काही मैल गेले की पिशवी सुरकुतून जाई.

यावर उपाय म्हणजे वायू दाबून भरणे. बॉइलचा नियम आठवा. दाब २०० पट केला की ९०० लिटरचे साडेचार लिटर होतात. (प्रत्यक्षात थोडे कमीच, कारण एवढ्या दाबाला मिथेन हा नियम तंतोतंत पाळत नाही.) इटलीत १९३०च्या दशकात देशातलाच नैसर्गिक वायू असा टाक्यांत भरून गाड्या चालवू लागले. पण एवढा दाब सोसणारी ६० लिटरची पोलादी टाकी रिकामी असतानाच ५० किलोंहून जड भरते, आणि तिच्यात मावतो तो वायू १३ ते १६ लिटर पेट्रोलइतकाच. सामानाची जागा जाते आणि वरचेवर पंपावर जावे लागते. शिवाय एका घनफळ मिथेनला जळण्यासाठी साडेनऊ घनफळे हवा लागते. सिलिंडरमध्ये मिथेनने जेवढी जागा अडवली, तेवढी हवा कमी शिरते. त्यामुळे पेट्रोलच्या एंजिनात फेरफार करून वायू वापरला, तर त्याचा जोर थोडा उतरतो.

नुसती टाकी पुरत नाही, वाटेत पंपही लागतात. १९७९च्या तेलसंकटानंतर न्यूझीलंड सरकारने आपल्याकडील वायूचा वापर वाढावा म्हणून सवलती दिल्या आणि १९८०च्या दशकात एक लाखाहून अधिक गाड्या वायूवर धावू लागल्या. पुढे सवलती गेल्या, पेट्रोल स्वस्त झाले आणि ही व्यवस्था ओसरली.

आपल्याकडे हा प्रश्न आला तो प्रदूषणातून. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीत २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्लीतील सर्व बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालाव्यात. मुदत आली, पण पुरेशा बसगाड्या नव्हत्या आणि पंपही नव्हते. हजारो प्रवासी थांब्यांवर खोळंबले. रिक्षावाल्यांनी वायूसाठी रात्र-रात्र रांगा लावल्या. श्वास स्वच्छ झाला तो सर्वांचा, पण त्याची तातडीची किंमत बसने जाणाऱ्याने आणि रिक्षा हाकणाऱ्याने मोजली.

याच काळात डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वेगळा विचार मांडला. सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने पाळायची हे ठरवू नये. न्यायालयाला हे पटले नाही. एप्रिल २००२ मध्ये त्याने डिझेल बसगाड्यांना दिवसाला ५०० रुपये आणि महिन्यानंतर १,००० रुपये दंड लावला. त्या वर्षाच्या अखेरीस दिल्लीची शहर बससेवा वायूवर आली.

आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य होते. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो, म्हणून त्याच्या ज्वलनात काजळी फारच कमी होते. त्या वेळच्या डिझेल बसचा काळा धूर पाहता हा फायदा मोठा होता. मर्यादा पाळली जाते की नाही, हे हजारो बसगाड्यांवर रोज तपासणे अवघड होते. टाकीत काय आहे ते पाहणे त्यामानाने सोपे. पण तत्त्व म्हणून समितीचे म्हणणे टिकले. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली. नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आली आणि वायूची आघाडी कमी झाली. दिल्लीची हवाही नुसत्या बसगाड्यांनी बिघडत नव्हती. खाजगी वाहने, धूळ आणि पेंढा जाळल्याचा धूर यांनी तिथला हिवाळा पुन्हा काळवंडला.

आता आणखी एक हिशेब मांडावा लागतो, तो पृथ्वीच्या तापमानाचा. एक किलो मिथेन जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढीच ऊर्जा पेट्रोलपासून मिळवली तर सुमारे साडेतीन किलो. म्हणजे पाऊण किलोची बचत. पण न जळलेला मिथेन हा स्वतःच हरितगृह वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी धरतात. पाऊण किलोला २८ ने भागा. विहिरीपासून एंजिनापर्यंत किलोमागे केवळ २७ ग्रॅम, म्हणजे शंभरात तीन भागांहूनही कमी, मिथेन गळला तरी ही सारी बचत संपते. वीस वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन सुमारे ८० पट प्रभावी ठरतो. मग शंभरात एक भागाची गळतीही पुरते.

हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल. रेणुभारांपासून सुरुवात करावी आणि ‘नैसर्गिक वायू चांगला की वाईट?’ या प्रश्नाआधी मुलांना दोन प्रश्न विचारायला लावावेत : कशाच्या तुलनेत? आणि किती वर्षांच्या हिशेबात?