एचआयव्ही-बाधित स्त्रिया व संततिनियमन (मुंबई)

एचआयव्ही या व्हायरसाचा संसर्ग झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणा टाळण्यासाठी वा लांबविण्यासाठी योजावयाचे उपाय व त्यांविषयीचे धोरण. अशा स्त्रीपुढील प्रश्न दुहेरी असतो : नको असलेली गर्भधारणा टाळणे आणि संसर्ग पती वा अपत्य यांच्यापर्यंत पोहोचू न देणे. हे दोन्ही हेतू एकाच साधनाने पुरेसे साधत नाहीत आणि शासनव्यवस्थेतही ते दीर्घकाळ दोन वेगवेगळ्या खात्यांकडे राहिले.

मुंबईत या दोन प्रश्नांचा एकत्र विचार प्रथम र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी केला. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी निघाले. संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांपासून बचाव या विषयावरही कर्व्यांनी पुस्तक लिहिले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडावे लागले. स्वातंत्र्योत्तर काळात कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला खरा. परंतु त्याचे लक्ष लोकसंख्येवर असल्याने रोगप्रतिबंधाचे अंग मागे पडले. १९६८ पासून स्वस्त दरात मिळू लागलेला ‘निरोध’ अपत्यांत अंतर राखण्याचे साधन म्हणूनच ओळखला गेला. महाराष्ट्रात सर्वाधिक भर स्त्री-निर्बीजीकरणावर राहिला.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम आढळला. पुढे मुंबईसाठी १९९८ मध्ये स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय वडाळा येथे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. राज्याची एड्स नियंत्रण संस्थाही तेथेच आहे. हे रुग्णालय १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने बेघर कुष्ठरोग्यांसाठी निघाले. त्या काळी पुष्कळ कुष्ठाश्रमांत स्त्री-पुरुषांना अलग ठेवून अपत्यसंभव टाळला जाई. रोगग्रस्ताने मूल होऊ देऊ नये, ही समजूत एड्सहून कितीतरी जुनी आहे. एड्सच्या पहिल्या दशकात ती नव्याने बळावली आणि बाधित स्त्रीला गर्भपात व निर्बीजीकरण यांचाच सल्ला मिळू लागला. उपचार नव्हते, तेव्हा या सल्ल्यामागे भीती होती. उपचार आल्यावरही तो टिकला, हे समर्थनीय नाही.

उपचारांअभावी मातेकडून अपत्याला संसर्ग होण्याचे प्रमाण, स्तनपान धरून, १५ ते ४५ टक्के असते. योग्य औषधोपचाराने ते ५ टक्क्यांखाली येते. शासकीय मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला; प्रारंभीच्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म उपचार देण्याचे धोरण आले. निरोगी मूल होणे अशा रीतीने शक्य झाल्याने संततिनियमनाचा अर्थही पालटला. मूल केव्हा हवे, शरीरातील व्हायरसाचे प्रमाण कितपत घटल्यावर हवे, हे ठरविणे त्यात आले.

तथापि औषधोपचार केंद्रावर स्त्रीच्या हाती बहुधा निरोधच पडे. संसर्ग रोखण्यास तो उत्तम. पण त्याचा वापर पुरुषाच्या संमतीवर अवलंबून असतो आणि त्यातील सातत्य सुटले की गर्भधारणेचा संभव वाढतो. उलट, निर्बीजीकरण झालेल्या घरात ‘आता निरोध कशाला’ असे म्हटले जाते. म्हणून निरोधाच्या जोडीला दुसरे साधन वापरावे, असा दुहेरी संरक्षणाचा सल्ला देतात. परळ येथील प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने (स्थापना १९७०) मुंबईत कुटुंबनियोजन व एचआयव्ही सेवा यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. त्यांत दुहेरी संरक्षण स्वीकारण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले.

साधनाची निवड औषधांवरही अवलंबून असते. तांबीचा औषधांशी विरोध नाही. प्रकृती स्थिर असलेल्या बाधित स्त्रीला ती सामान्यतः बसविता येते. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक मात्र वर्ज्य मानतात. दीर्घकाळ प्रचारात असलेले एफाव्हिरेंझ हे औषध त्वचेखाली बसवावयाच्या संप्रेरकी साधनाचा प्रभाव घटविते, तर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनावर त्याचा विशेष परिणाम होत नाही. हे इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने २०१७ पासून शासकीय कार्यक्रमात आले.

१० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आलेल्या कायद्यानुसार (२०१७) बाधित गर्भवतीचे निर्बीजीकरण वा गर्भपात तिच्या माहितीपूर्ण संमतीविना करता येत नाही. त्याच वर्षी बोट्स्वानातील प्राथमिक निरीक्षणांवरून डोल्युटेग्राव्हिर या नव्या औषधाने गर्भाच्या मज्जारज्जूत दोष उद्भवतो, अशी शंका निघाली आणि प्रजननक्षम स्त्रियांना ते देण्याबाबत अनेक देशांत हात आखडता घेतला गेला. अधिक माहिती हाती आल्यावर ती भीती ओसरली. हे औषध संप्रेरकी साधनांचा प्रभाव घटवीत नाही. ते भारतात रूढ झाल्याने एफाव्हिरेंझाची अडचण बव्हंशी दूर झाली; क्षयरोगासाठी रिफॅम्पिसीन घेणाऱ्या स्त्रियांना मात्र गोळ्या व त्वचेखालील साधन यांवर विसंबता येत नाही.