फडक्यापासून आरओपर्यंत



हल्ली बचत गटाच्या बैठकीत शेळी आणि शिलाई मशीनच्या कर्जाबरोबर आणखी एक मागणी येते, पाण्याच्या फिल्टरची. भिंतीवर आरओ दिसला की घर सुधारलं, असं वाटतं. पण पाणी गाळायचं साधन आपल्या घरात फार आधीपासून आहे. हंड्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं.

त्या फडक्याचं मोल नारूवरून कळतं. तरुण मुलींनी नारू पाहिलेला नाही; आजीला विचारा. पूर्वी पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरायचे. त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक जीव असायचा, सायक्लॉप्स. त्याच्या अंगात नारूची अळी. ती पोटात गेली की वर्षभरानं पायावर फोड यायचा आणि त्यातून दोन-तीन फूट लांब, सुतासारखा किडा निघायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजायचा, माणूस ऐन कामाच्या दिवसांत अंथरुणाला खिळायचा. आणि तोच पाय बारवेत बुडाला की नव्या अळ्या पुन्हा पाण्यात!

याला लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. 1980 च्या दशकात देशात नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. बारवा बंद केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं आणि घरोघरी पाणी गाळायला सांगितलं. 1996 च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रोगी सापडला. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं मान्य केलं. त्यातलं गाळायचं काम बहुतेक बायकांच्याच हातचं, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बांगलादेशात मतलब भागातल्या 65 गावांत रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं. जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळलं, तर पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. 2003 साली हा अभ्यास छापून आला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात, ते जीव फडक्यात अडकतात. आणि साडी जुनीच हवी! धुऊन धुऊन तिची वीण दाट होते.

मात्र सुटे जंतू फडक्यातून जातात, विरघळलेले क्षारही जातात. मग आला मातीच्या कांडीचा फिल्टर, 1980 च्या दशकात अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र, आणि नंतर आरओ.

आरओचा पडदा 1959 च्या सुमारास अमेरिकेत लोएब आणि मूळचे भारतीय असलेले सौरीराजन यांनी तयार केला, तो खारं पाणी गोडं करायला. म्हणून यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या बोअरला आरओ खरोखर उपयोगी. पण ज्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत, तिथे क्षार काढायची गरजच नसते. जंतूंसाठी उकळणं किंवा मेडिक्लोर पुरतं. वर आरओ बरंचसं पाणी फेकून देतो. आपण ते डोक्यावरून आणलेलं असतं.

आपल्या गावात पाणी तपासायला शिकवलेल्या बायका असतील, तपासणीची पेटीही असेल. कर्जाआधी ती उघडा.

विक्रेता येतो, तुमच्या पाण्यात विजेच्या दोन सळ्या सोडतो. पाणी तांबडं-हिरवं होतं, आपण घाबरतो. तो रंग घाणीचा नसतो, सळ्यांचा धातू झिजून आलेला असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आरओच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून ते स्वच्छ राहतं. त्याला म्हणावं, तुझ्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा सळ्या सोड.