दादाचं कोपर

परवा उमरग्याहून आतेभावाचा फोन आला. "अरे, गुडघा बदलतात तसं कोपर बदलून मिळतं का? तू नेटवर वाचत असतोस, बघ की जरा."

दादाच्या कोपराची गोष्ट ३० सप्टेंबर १९९३ची. विसर्जनाची रात्र सरली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. नाव किल्लारीचं झालं, पण आमच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावंही जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. दादा तेव्हा १९ वर्षांचा. भिंतीचे दगड उजव्या कोपरावर पडले. जीव वाचला होता, कोपराचं कोण बघतो! प्लास्टर निघाल्यावर हात आखडला, म्हणून एका हाडवैद्याकडून जोर लावून चोळून घेतला. अशानं नको तिथे हाड वाढतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पुढे पंचविशीतच सांध्याची झीज सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "बदलायला वय लहान आहे."

वय लहान म्हणून नाही? मला हे तेव्हा पटलंच नव्हतं. आता थोडा इतिहास वाचला.

१९७२ साली इंग्लंडमध्ये रॉजर डी यांनी धातूची बिजागरी सिमेंटने हाडात बसवली. रुग्ण संधिवाताचे, हाताला फारसं काम नसलेले. तरी अशा बिजागऱ्या सैल होत. कारण कोपर म्हणजे दाराची बिजागरी नव्हे, ते वाकताना किंचित पिळतंही. ताठ बिजागरीत तो पीळ सगळा सिमेंटवर येतो. मग अमेरिकेत कूनराड आणि मॉरी यांनी मुद्दाम थोडी ढिली बिजागरी वापरली. आपल्या कोलकात्यात डॉ. डी. पी. बक्षी यांनीही स्वतःची ढिली बिजागरी बनवली आणि १९९८ साली त्यांचा लेख आला तो नेमका दुखापतीनंतर आखडलेल्या किंवा लुळ्या पडलेल्या कोपरांवर! वाचून बरं वाटलं.

पण अट राहिलीच. असं कोपर बसवलं की त्या हाताने एका वेळी फार तर पाचेक किलो उचलायचं, वारंवार उचलायचं तर किलोभरच. तेही जन्मभर. पाण्याची भरली घागरही नाही. म्हणून तरुण, कष्टकरी माणसाला आधी दुसरे उपाय सांगतात. वाढलेलं हाड काढून सांधा साफ करायचा, किंवा मांडीतला पातळ पडदा काढून दोन हाडांमध्ये घालायचा. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही, पण बदलण्याची वाट पुढे मोकळी राहते. सांधा कायमचा जखडून टाकणं हा शेवटचा उपाय. त्यात घास तोंडाशी न्यायचा की पाठ धुवायची, एकच काहीतरी जमतं.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. पन्नाशी उलटली तरी सोयाबीनची पोती तोच उचलतो.

"किलोभर?" तो हसला. "मग राहू दे. ते साफ करायचं काय म्हणालास, तेवढं विचार."

दिवाळीनंतर सोलापूरला दाखवायला जायचं ठरलंय. सुगी उरकल्यावर.