घोडी, तार आणि बोट

शहापूर आणि मुरबाड या ठाणें जिल्ह्यांतील दोन तालुक्यांत शेताचीं कामें उरकलीं, कीं गांवोगांवच्या देवळांतून हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस अखंड पहारा चालतो. एक वीणेकरी थकला, कीं दुसरा पुढें होऊन वीणा आपल्या गळ्यांत घेतो. ती भुईला टेकूं दिली जात नाहीं. त्याच देवळासमोरच्या घरांत आजकाल कॉलेजांत जाणारा एखादा मुलगा आसनगांवहून लोकलनें मुंबई गांठतो, विजेवर वाजणारी नवी गिटार विकत आणतो, आणि आठ दिवसांत बोटांचीं टोकें सोलवटून निराश होतो. वीणा आणि गिटार यांचें कूळ निराळें, देश निराळा, संस्कारहि निराळा. तथापि दोहोंचें सुखदुःख एकाच लहानशा जागेवर अवलंबून आहे. वाद्याच्या पोटावर बसविलेली आणि तारांचा भार वाहणारी ती जागा म्हणजे घोडी.

आधीं गिटारीचा विचार करावा. तिच्या दांडीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात, आणि तार पडद्यावर दाबली म्हणजे स्वर निघतो. घोडी उंच असली, तर तार पडद्यापर्यंत नेण्यास बोटाला अधिक जोर करावा लागतो. त्यानें बोट तर दुखतेंच. शिवाय दाबतांना तार अधिक ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणजे कष्टाबरोबर बेसूरपणाहि पदरीं पडतो. उलट घोडी फार खालीं नेली, तर कांपणारी तार पुढील पडद्यांवर आपटून खरखर करते. विजेच्या गिटारींत बाराव्या पडद्यावर तारेखालीं दीड ते दोन मिलिमीटर अंतर असलें, म्हणजे सामान्यतः हे दोन्ही दोष टळतात. कारखान्यांतून आलेलें प्रत्येक वाद्य असें जुळवून आलेलें असतेंच असें नाहीं. पुष्कळ नवशिके वाद्याचा हा दोष आपल्या बोटांचा समजतात आणि वाद्य कायमचें भिंतीला टांगून ठेवतात.

या दोषाच्या परिहाराचा क्रम ठरलेला आहे. पोलादी तारांच्या ओढीनें लांकडी दांडी पुढें वांकते. म्हणून प्रथम दांडी पाहावी. अमेरिकेंतील गिब्सन कारखान्याच्या थॅडियस मॅकह्यू यास १९२३ सालीं दांडीच्या पोटांत बसविण्याच्या पोलादी सळईचें पेटंट मिळालें. ही सळई किल्लीनें पाव फेरा आवळली वा सैल केली, कीं दांडीचा बांक कमीअधिक होतो. दांडी जुळल्यावरच घोडीचे स्क्रू फिरवावेत. १९५४ सालीं निघालेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारींत सहाहि तारांना सहा निरनिराळ्या बैठका देण्यांत आल्या, आणि प्रत्येक तारेची उंची व लांबी वेगवेगळी बदलतां येऊं लागली. प्रत्येक फेरफारानंतर वाद्य पुन्हां सुरांत लावावें लागतें. अखेरीस बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागीं तारेला नुसतें बोट टेकवून काढलेला स्वर एकच येतो कीं नाहीं, हें पाहावें. येथवरचें सारें काम घरीं करतां येण्यासारखें आहे, कारण फिरविलेला स्क्रू परत फिरवितां येतो. दांडीच्या डोक्याकडील पट्टींतल्या खांचा मात्र कारागिरासाठीं सोडाव्या. एकदां कानशीनें गेलेला भाग परत येत नाहीं.

कानशीच्या या विद्येंत महाराष्ट्रांतील एक गांव गेलीं पावणेदोनशें वर्षें निष्णात आहे. तें गांव म्हणजे मिरज. तेथील शिकलगार मंडळी पूर्वीं तलवारी, भाले यांना धार लावीत. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, शस्त्रांची मागणी आटली आणि हा धंदा बसला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन हे संगीताचे आश्रयदाते असल्यामुळें गवई-बजवय्यांची तेथें सतत वर्दळ असे, आणि त्यांचीं मोडकीं वाद्यें दुरुस्त करणारा कोणीतरी हवा होता. सुमारें १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार या कारागिरानें हें काम हातीं घेतलें. दुरुस्त करतां करतां तो नवीं वाद्यें घडवूं लागला. पुढें त्याच्या वंशजांनीं व शिष्यांनीं सतारमेकर हेंच आडनांव लाविलें. ज्या हातांनीं पात्याची धार साधली, त्याच हातांनीं घोडीचा उतार साधला. हत्यार तेंच राहिलें, प्रयोजन बदललें. तंबोऱ्याचे मोठाले कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतून येतात; मिरजेंत त्यांवर दांडी, तबकडी आणि खुंट्या चढतात.

परंतु वाद्य घडलें म्हणजे तें बोलूं लागलें असें नव्हे. बोलतें तें जवारी लाविल्यावर. गिटारीची घोडी तारेला एका धारेवर उचलून धरते. तंबोऱ्याची व सतारीची घोडी म्हणजे अगदीं सौम्य उताराचा एक रुंद माथा असतो. कांपणारी तार या उतारावर क्षणोक्षणीं टेकते आणि सुटते. ज्या स्पर्शाला गिटारवाला खरखर म्हणून टाळतो, तोच स्पर्श येथें मोजून मापून घडविलेला असतो. कारागीर कानशीचे दोन-चार हात मारतो, तार चढवितो, स्वरांत आणतो, ऐकतो, आणि पुन्हां तार उतरवितो. तंबोऱ्यांत तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा दोरा सरकवून केसाएवढ्या अंतरानें तो नाद उमलवावा लागतो. वाजवून वाजवून तारेचे चरे घोडीवर पडले, कीं आवाज बसतो आणि जवारी पुन्हां काढावी लागते. सतारींत अशा प्रत्येक घासणीनें घोडी ठेंगणी होत जाते. मग तिच्या पायांखालीं लांकडाची पातळ चकती घालून तारांची उंची भरून काढतात. अशा रीतीनें उंची आणि नाद हे दोन्ही हिशेब एकाच वेळीं सांभाळावे लागतात.

या नादाचें मर्म चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं शास्त्रज्ञांपुढें मांडलें. टॉमस यंगचा जुना नियम असा, कीं तारेच्या ज्या बिंदूवर छेडावें, तेथें ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू येतो, ते उपस्वर उमटत नाहींत. तंबोरा व वीणा यांच्या बाबतींत हा नियम चालत नाहीं, असें रामन यांना आढळलें. जे उपस्वर उमटूं नयेत, तेहि स्पष्ट ऐकूं येतात, आणि त्याचें कारण घोडीच्या रुंद माथ्यांत आहे. कारागिरांनीं केवळ कानाच्या साह्यानें जें साधलें होतें, त्याचें कारण शास्त्रानें मागाहून शोधिलें.

मिरज ही कर्मभूमि करणारे अब्दुल करीमखां १९३७ सालीं निवर्तले. तंबोरा सुरांत लावण्याविषयींची त्यांची दक्षता प्रसिद्ध आहे, आणि त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. सतारींतहि घोडी ही वादकाच्या वृत्तीची खूण असते: रविशंकरांची जवारी खुली, झगमगती, विलायतखांची बंद, गोल आणि गळ्याच्या जवळची. कारागिरानें कानस ठेवल्याखेरीज यांपैकीं एकहि आवाज जगाला ऐकूं आला नसता.

पूर्वीं घोड्या हस्तिदंताच्या वा सांबरशिंगाच्या करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं तो मार्ग बंद झाला, आणि हाडें, शिसवी लांकूड व कृत्रिम पदार्थ त्या जागीं आले. ही अडचण कारागिरांनीं निभावली. खरा धोका दुसराच आहे. बटण दाबतांच घुमणारा विजेचा तंबोरा घरोघर गेला, आणि आतां तर तो खिशांतल्या फोनांत बसला आहे. त्याला चरे पडत नाहींत, म्हणून त्याच्यासाठीं कानस धरणारा हातहि लागत नाहीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें, ही समाधानाची गोष्ट होय. त्यानें नांवाचें रक्षण होईल. पण जवारीची विद्या पोथींत मावत नाहीं. ती वर्षानुवर्षें शेजारीं बसून ऐकणाऱ्या मुलाच्याच कानांत उतरते, आणि तो मुलगा दुसऱ्या धंद्याला गेला, कीं एका पिढींत संपते.

सप्ताहांतल्या वीणेची तार मोकळीच छेडतात. तिच्यावर बोट दाबावें लागत नाहीं, म्हणून तिची उंची कोणी मोजीत नाहीं. पण तिची घोडी बिघडली, कीं पहाऱ्यावरच्या वीणेकऱ्याला तें पहिल्याच झंकारांत कळतें. समोरच्या घरांतील मुलानें गिटार भिंतीला टांगण्यापूर्वीं एकवार किल्ली हातांत घ्यावी, दांडी पाहावी आणि घोडी पाव फेऱ्यानें खालीं आणावी. बोटाचें दुखणें गेलें, म्हणजे कान मोकळा होतो. आणि कान मोकळा झाला, म्हणजे देवळांतून येणाऱ्या त्या झंकाराचें मोलहि त्याला आपोआप उमगेल.