चांद्याचा वेढा मातींत मांडावयाचा तर

दिवाळी जवळ आली म्हणजे पुण्यामुंबईकडे वाड्यांच्या अंगणांत आणि चाळींच्या कोपऱ्यांत मुलें मातीचे किल्ले रचूं लागतात. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, लेपावर अळीव पेरून उगवलेली हिरवळ, माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर रंगीत मावळे, हा थाट मराठी वाचकांस सांगावयास नको. या किल्ल्यांचें कौतुक पुष्कळ झालें आहे व तें योग्यहि आहे. परंतु त्या शेंकडों किल्ल्यांत पडत असलेला किल्ला आमच्या तरी पाहण्यांत आलेला नाहीं. तटाला खिंडार पडलें आहे, आंतील शिबंदी खिंडाराकडे धांवत आहे, बाहेर शत्रूच्या तोफा धुमसत आहेत, असा देखावा कोणी मांडीत नाहीं. मुलांनीं तो मांडावा असें आमचें म्हणणें नाहीं. सणाच्या दिवशीं पराभव कोण मांडील? पण मोठ्या माणसांनीं, इतिहासाच्या अभ्यासाचें साधन म्हणून, तो एकदां मांडून पाहावा असें आम्हांस वाटतें. आणि विषय सुचवावयाचा तर तो चांद्याच्या १८१८ सालच्या वेढ्याचा.

युरोपांत हा मोठ्या माणसांचाच उद्योग आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत, १६६८ सालापासून, सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या लांकूडकागदाच्या मोठमोठ्या प्रतिकृति करविण्यांत येऊं लागल्या. राजाला राजवाड्यांत बसून वेढ्याचा विचार करतां यावा हा त्यांतील हेतु. गंमत म्हणून ते नमुने केलेले नव्हते. पुढें हौसेनें गरजेची जागा घेतली. नेपोलियनच्या काळच्या लढाया हा तर या हौसेचा आवडता विषय होऊन बसला. शिशाचे सैनिक ओतून, एकेका पलटणीच्या कॉलरीचा रंग शोधून काढून, खोलीभर रणभूमि उभारणारे लोक आजहि अनेक देशांत आहेत. त्या सर्वांचा मूळपुरुष म्हणावा असा गृहस्थ विल्यम सायबोर्न हा होय.

सायबोर्न हा इंग्रजी फौजेंतला एक लेफ्टनंट. वॉटर्लूच्या लढाईंत तो स्वतः नव्हता. १८३० सालीं सरसेनापति लॉर्ड हिल यानें त्याला त्या लढाईचा नमुना करण्याचें काम सांगितलें. सायबोर्न रणभूमीवर गेला, ला हे सांत या वाडीवर आठ महिने राहिला आणि शेतन् शेत, बांधन् बांध मोजून आला. त्यानंतर त्यानें जें केलें तें इतिहासाच्या अभ्यासकांस अधिक महत्त्वाचें आहे. लढाईंतून जिवंत राहिलेल्या अधिकाऱ्यांस त्यानें छापील पत्रें धाडलीं : १८ जून १८१५ च्या सायंकाळीं सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठें होती, समोर शत्रु कोण होता, पायाखालच्या शेतांत पीक कोणतें होतें? उत्तरें शेंकड्यांनीं आलीं. त्याच्या मुलानें त्यांतील पुष्कळ पत्रें १८९१ सालीं छापून काढलीं, आणि त्या लढाईवर लिहिणाऱ्या कोणासहि त्यांच्याकडे पाठ फिरवितां येत नाहीं. म्हणजे खेळणें करावयास निघालेल्या माणसाच्या हातून एक दफ्तर तयार झालें.

नमुना १८३८ सालीं लंडनच्या पिकॅडिलींत लोकांपुढें मांडला गेला. मैलाला सुमारें नऊ फूट हें त्याचें प्रमाण. म्हणजे जमिनीचे सहाशें फूट तेथें एक फूट होतात. त्यावर सत्तर हजारांवर शिशाचे सैनिक आहेत. सुमारें एक लाख लोकांनीं तो पाहिला. पण मध्यंतरीं सरकारनें हात आंखडता घेतला होता, सायबोर्न कर्जांत बुडाला होता, आणि तें कर्ज त्याच्या मानगुटीवर शेवटपर्यंत राहिलें. शिवाय एक निराळीच आपत्ति ओढवली. त्यानें मिळालेल्या पुराव्यावरून प्रशियन सैन्य ऐन सात वाजतां रणांगणांत मोठ्या संख्येनें आलेलें दाखविलें होतें. हें वेलिंग्टनच्या गोटांत रुचलें नाहीं. विजयाचा वांटा दुसऱ्यास जातो तो कोणास रुचणार? शेवटीं सायबोर्न नमला आणि हजारों प्रशियनांची शिशाची फौज त्यानें उचलून बाजूला ठेवली. तो नमुना आज लंडनच्या राष्ट्रीय सैन्यसंग्रहालयांत आहे. पुरावा एक सांगतो आणि मालक दुसरें, या पेंचांत सांपडलेल्या इतिहासकाराचें इतकें डोळ्यांना दिसणारें उदाहरण क्वचित् सांपडेल.

हा वेलिंग्टन म्हणजे आपल्याकडील जनरल वेलस्ली, हें वाचक विसरले नसतीलच. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या मैदानांत शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशीं तो लढला, आणि आपल्या हातून घडलेलें सर्वांत चांगलें रणकर्म कोणतें असें म्हातारपणीं विचारलें असतां त्यानें वॉटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत गाविलगड पडला आणि देवगांवचा तह झाला. तेव्हां ज्याला युरोपांत नेपोलियनचें युग म्हणतात त्या युगाची एक बाजू आमच्याच काळ्या मातींत लढली गेली आहे. तोफा त्याच, चापाच्या बंदुकाहि त्याच जातीच्या. चांदा पडला तो वॉटर्लूनंतर तीन वर्षें पुरीं होण्याच्या आंत.

त्या वेळची परिस्थिति थोडक्यांत सांगतों. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीवर आणि डिसेंबरांत नागपुरास भोसल्यांचा मोड झाला. मार्च १८१८ मध्यें अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेंत पडले. बाजीराव पेशवे चांद्याच्या रोखानें येत होते; १७ एप्रिल रोजीं पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल अ‍ॅडम्सनें त्यांना गांठून उधळून लावलें. तोच अ‍ॅडम्स ९ मे रोजीं चांद्यापुढें येऊन ठाकला. किल्लेदार गंगासिंग. आंत अरबांसह दोनतीन हजारांची शिबंदी होती असें इंग्रजी वृत्तांत म्हणतात. मोर्चे लागले, तोफा चढल्या, १९ मे रोजीं तटाला खिंडार पडलें आणि २० मेच्या सकाळीं हल्ला होऊन शहर गेलें. गंगासिंग लढतां लढतां पडला. येवढीच हकीकत, लहान मुलांच्या इतिहासांत तिला एक ओळहि मिळत नाहीं.

पण ही तारखांची माळ जरा उलटीसुलटी करून पाहावी. १३ मे रोजीं, म्हणजे चांद्याला वेढा पडलेला असतांना, अप्पासाहेब जबलपुराकडे इंग्रजांच्या पहाऱ्यांतून निसटले. बाजीराव ३ जून रोजीं माल्कमच्या स्वाधीन झाले. याचा अर्थ असा कीं ज्या राजासाठीं तट लढवावयाचा तो प्रथम कैदी होता आणि मग फरारी. आणि ज्या पेशव्याच्या मदतीची आशा धरावयाची तो रानोमाळ भटकत होता. अशा वेळीं दरवाजे उघडून आपला जीव वांचविणारे किल्लेदार त्या वर्षीं थोडे नव्हते. गंगासिंगानें तें केलें नाहीं. त्याला शहाणा म्हणावें कीं नाहीं यावर वाद होईल. आमच्या मतें निदान त्याच्या तटाची लांबी मोजल्याशिवाय तो वाद घालूं नये.

ही लांबी सुमारें सात मैल आहे. गोंड राजांनीं बांधलेला हा परकोट इरई आणि झरपट या दोन नद्यांमधील शहराला वेढून आहे. उत्तरेस जटपुरा, पश्चिमेस बिनबा, दक्षिणेस पठाणपुरा आणि पूर्वेस अचलेश्वर असे चार मोठे दरवाजे, शिवाय खिडक्या. भोसल्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास हें राज्य घेतलें त्यापूर्वींची ही रचना. आंतील बरीच जागा मोकळीच होती, म्हणजे शहरापेक्षां अंगरखाच मोठा. चांद्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें आणि जंगलाचा पूर्वभाग १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा म्हणून निराळा निघाला, पण तट राहिला. त्यावर झाडी माजली होती ती इको-प्रो या तेथील संस्थेच्या स्वयंसेवकांनीं २०१७ सालापासून खपून काढली, त्यामुळें बुरूज आतां मोजतां येतात. हें काम वेळीं झालें. वॉटर्लूच्या रणांगणावर विजयस्तंभादाखल सिंहाची टेकडी रचतांना तेथलीच माती उपसली गेली आणि सायबोर्न पोंचण्यापूर्वीं जमिनीचा उतार बदलून गेला होता. चंद्रपुराभोंवतीं कोळशाच्या खाणींनीं मातीचे डोंगर उभे केले आहेत आणि इरईचा कांठ पूर्वींचा राहिलेला नाहीं.

आतां सायबोर्नचेंच प्रमाण घेऊन हिशेब करूं. सात मैलांचा तट नमुन्यांत त्रेसष्ट फूट लांब होईल; म्हणजे एखाद्या शाळेचा दिवाणखानाच हवा. सायबोर्ननें एक चलाखी केली होती. जमीन सहाशेंस एक या प्रमाणानें आडवी, पण उंची मात्र एकशेंऐंशींस एक, आणि माणसेंहि त्याच मोठ्या मापाचीं. नाहींतर तीं दिसलींच नसतीं. ही चलाखी वॉटर्लूला चालली, कारण तेथें माणसें दाटीनें उभीं होतीं. चांद्यास ती चालविली तर खोटें चित्र उभें राहील. शिबंदीचा तीन हजार हा वरचा आंकडा धरला, दोन माणसांमागें एक बाहुली ठेवली, तर तटावर दर अर्ध्या इंचाला एक बाहुली येते. म्हणजे दिसावयास भरलेला तट! प्रत्यक्षांत काय होतें? सात मैल म्हणजे जवळजवळ सदतीस हजार फूट. सर्व तीन हजार माणसें अहोरात्र तटावर उभीं केलीं तरी बारा फुटांस एक. अर्धे जेवावयास व झोंपावयास गेले तर चोवीस फुटांस एक. आणि आंकडा दोन हजारांचा असेल तर सदतीस फुटांस एक. हें खरें दाखवावयाचें तर माणूसहि सहाशेंस एकच हवा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून किंचित् मोठा. बाहुल्या न करतां मोहरीच मोजून ठेवावी. त्रेसष्ट फूट तटावर तीन हजार दाणे मोहरी पसरली कीं गंगासिंगाची अडचण पाहणाराला व्याख्यानावांचून कळेल.

ऋतूचीहि काळजी घ्यावी लागेल. चांदा म्हटलें कीं हिरवें अरण्य मांडण्याचा मोह होईल, पण महिना मे आहे. साग यावेळीं निष्पर्ण असतो, पळसाचा बहर ओसरलेला, काळी जमीन भेगाळलेली, झरपटेंत पाण्यापेक्षां वाळू अधिक. अळीव पेरण्याचें काम नाहीं. बांबूच्या काड्यांचा आणि भुऱ्या मातीचा देखावा. तोफांच्या धुरासाठीं मात्र त्याच दिवसांत उकलणारा सांवरीचा कापूस हाताशीं असतो. आणि एक : लाल अंगरखे घातलेले मोहरीचे दाणे गोऱ्यांचे समजूं नयेत. कंपनीच्या त्या फौजेंत बहुसंख्य शिपाई हिंदीच होते. ब्लॅकरनें १८२१ सालीं त्या मोहिमेचा जो विस्तृत इतिहास नकाशांसह प्रसिद्ध केला तो मोर्चे लावणाराच्या बाजूनें लिहिलेला आहे. मांडणी करणारानें त्याचीं मापें घ्यावीं, उभें मात्र तटाच्या आंत राहावें.

राहतां राहिला क्षण निवडण्याचा प्रश्न. सायबोर्ननें सायंकाळचे सात निवडले, कारण तेव्हां निकाल लागत होता. चांद्यासाठीं २० मेची सकाळ कोणीहि निवडील, तींत धांवपळ आहे. आम्ही १९ मेची संध्याकाळ निवडूं. खिंडार पडलें आहे, तोफा थांबल्या आहेत, हल्ला उद्यां होणार हें दोन्हीं बाजूंस ठाऊक आहे. छावणींत चुली पेटल्या आहेत. खिंडाराच्या आंतल्या अंगास तटाचे दगड पडलेले आहेत, आणि उरलेल्या साऱ्या तटावरून मोहरीचे दाणे एकेक करून त्या एका जागेकडे सरकवावयाचे आहेत. किती सरकवावे आणि चार दरवाज्यांवर किती ठेवावे, हें त्या रात्रीं गंगासिंगास ठरवावयाचें होतें.