कोरड्या डोळ्यांचा इतिहास

मराठीने 'चाळिशी' हा एकच शब्द वयालाही दिला आणि चष्म्यालाही. जवळचे अक्षर पुसट होणे स्त्री-पुरुष भेद करीत नाही, भाषेनेही तो केला नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास अनेक स्त्रियांचे डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, वाचताना ओळ मधूनच धूसर होते आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्पष्ट दिसते. या अवस्थेसाठी मात्र आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. 'कोरडे डोळे' म्हटले की आम्हा साहित्याच्या मंडळींना निष्ठुरपणाच आठवतो! प्रत्यक्षात अशा डोळ्यांतून कधी कधी उलट पाणी वाहते, कारण कोरडेपणाच्या चुरचुरीला डोळा तसेच उत्तर देतो.

वैद्यकानेही नावे सावकाश शोधली. 'मेनोपॉज' हा शब्द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ साली वापरला. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून अश्रू मोजण्याची ओटो शिर्मरची रीत १९०३ ची.

पुढे हेन्रिक शोग्रेन हा तरुण स्वीडिश नेत्रवैद्य आला. १९३३ साली स्टॉकहोममध्ये त्याने जर्मन भाषेत प्रबंध सादर केला. त्यात कोरड्या डोळ्यांच्या एकोणीस स्त्रिया होत्या, बहुतेकींची पाळी गेलेली, अनेकींचे सांधे धरलेले. केवळ डोळ्यांची म्हणून आलेली तक्रार साऱ्या देहाची असू शकते, हे त्याने ओळखले. परीक्षकांवर मात्र छाप पडली नाही. अध्यापकपदासाठी लागणारी श्रेणी त्याला नाकारण्यात आली. (प्रबंधांचे नशीब सर्वत्र सारखेच, असे आम्हांस वाटते.) १९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा कुठे हे काम दूरवर पोहोचले. रोगाला नाव वैद्याचे मिळाले. त्या एकोणीस जणी अनामच राहिल्या.

रजोनिवृत्तीतला प्रत्येक कोरडा डोळा शोग्रेनचा रोग नव्हे, हे सांगायलाच हवे. बाकीच्यांसाठी 'इस्ट्रोजेन घटले, अश्रू घटले' असे सोपे समीकरण मांडले जाई. २००१ साली अमेरिकेतील पंचवीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीने त्याला धक्का दिला : बाहेरून संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांतच ही तक्रार अधिक आढळली, आणि नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत सर्वाधिक. पापणीच्या काठावरच्या ग्रंथींतले तेल अश्रूंना वाळू देत नाही, आणि त्या ग्रंथी चालतात त्या मुख्यतः अँड्रोजेनवर, म्हणजे ज्याला आपण 'पुरुषी' संप्रेरक म्हणत आलो त्यावर.