खालच्या गिअरचा इतिहास: बीडचे रस्ते आणि किकडाऊन

बीड जिल्ह्याच्या वाहतुकीचा इतिहास हा मुख्यतः रस्त्याचा इतिहास आहे. निजामाच्या काळात मनमाडहून सिकंदराबादकडे गेलेला लोहमार्ग औरंगाबाद, जालना, परभणी असा गोदावरीच्या उत्तरेने गेला. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी आणि घाटनांदूर यांना तेवढे रेल्वेचे स्थानक मिळाले, आणि खुद्द बीड शहरात पहिली प्रवासी गाडी पोहोचण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्यामुळे धान्य, कापूस, ऊस, रुग्ण, वऱ्हाड आणि मजूर या सर्वांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचे काम येथे पिढ्यान्‌पिढ्या चाकांनी आणि चालकांनी केले. बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे या रस्त्यांना मांजरसुंब्याचा आणि धारूरचा असे घाट लाभले. समोरचे वाहन ओलांडताना किंवा चढावर इंजिनाचा जोर ओसरताना खालचा गिअर नेमका केव्हा टाकायचा, हे येथील चालकाच्या कसबाचे मर्म होते. आजच्या वेगवान सेडान गाड्यांतील ‘किकडाऊन’, म्हणजे ॲक्सिलरेटर तळाशी दाबताच गिअर आपोआप खाली उतरण्याची सोय, हे त्याच कसबाचे यंत्राने घेतलेले रूप होय, आणि तिचा इतिहासही त्याच अंगाने वाचला पाहिजे.

हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली. स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची त्या वर्षीची एक बस आजही हैदराबादेत जतन केलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा येथील सेवाही मुंबई राज्याच्या परिवहन व्यवस्थेत मिसळली आणि पुढे महाराष्ट्राची एसटी झाली. त्या पिढीच्या अवजड गाड्यांच्या गिअरपेटीत सिंक्रोमेश, म्हणजे जुळू पाहणाऱ्या दोन दातेरी चाकांची गती आधी समान करणारी रचना, सहसा नसे. कॅडिलॅक मोटारीत ती १९२८ सालीच आली असली, तरी मालट्रक आणि बस यांच्यापर्यंत ती सावकाश झिरपली. म्हणून चालकाला ‘डबल क्लच’ मारावा लागे: क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने इंजिनाचे फेरे वाढवायचे, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर बसवायचा. हे सारे दोनेक सेकंदांत आणि चढावर गाडीचा वेग मोडण्याच्या आत साधावे लागे. फेऱ्यांचा अंदाज चुकला की गिअरपेटी करकरे आणि गाडी मधल्यामध्ये अडकून पडे. घाटात असे घडणे हा केवळ शरमेचा प्रसंग नसून धोक्याचा होता.

या धडपडीमागचे यंत्रशास्त्र साधे आहे. खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन अधिक फेरे घेते, त्यामुळे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, चाकापर्यंत अधिक पटींनी वाढून पोहोचतो. वरच्या गिअरमध्ये तो जोर घटतो, पण इंधन वाचते आणि इंजिन शांत राहते. वेग कायम असताना चाकाला मिळणारे बल हे इंजिन त्या क्षणी जेवढी शक्ती देत असेल तेवढ्याच प्रमाणात असते, आणि शक्ती म्हणजे टॉर्क व फेरे यांचा गुणाकार. गिअर उतरवल्याने इंजिनात नवी शक्ती निर्माण होत नाही. निवांत फिरणाऱ्या इंजिनात जी शक्ती वापराविना पडून होती ती कामाला लागते, इतकेच. चालकांच्या भाषेत ‘पिकअप मिळणे’ म्हणतात ते हेच.

स्वयंचलित गिअरपेटीने हे काम चालकाच्या हातून काढून घेतले, त्याचा प्रारंभ अमेरिकेत झाला. जनरल मोटर्सने १९३९ च्या अखेरीस ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या मॉडेलसाठी हायड्रा-मॅटिक ही चार गिअरची पेटी बाजारात आणली. तिच्यात तेलाच्या दोन दाबांची झुंज लावलेली होती: गाडीचा वेग वाढला की एक दाब वाढे आणि वरचा गिअर पडू पाहे, चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की दुसरा दाब वाढे आणि गिअर खालीच राहू पाहे. ॲक्सिलरेटर पार तळाशी नेला तर चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर उतरण्याची सक्ती होई, आणि या सक्तीच्या उतरणीलाच किकडाऊन हे नाव रूढ झाले. पुढील दशकांत यासाठी ॲक्सिलरेटरपासून गिअरपेटीपर्यंत जाणारी तार किंवा पायाखालचा विजेचा खटका वापरात आला. पायाचा दाब वाढवत नेला की शेवटच्या टप्प्यात एक अडथळा लागतो, तो ओलांडला की खटका दाबला जातो. आजच्या गाड्यांत ही खूण संगणकाकडे जाते आणि वेग, चढ, इंजिनाचे फेरे पाहून किती गिअर उतरायचे ते तो ठरवतो.

किकडाऊनचा परिणाम किती होतो, हे झेडएफ या जर्मन कंपनीच्या २००९ पासून वापरात आलेल्या आठ गिअरच्या पेटीवरून पाहता येते. बीएमडब्ल्यूच्या सेडान गाड्यांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. तिचा दुसरा गिअर ३.१४ पटींचा, पाचवा १.२९ पटींचा आणि आठवा ०.६७ पटींचा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने उसाच्या ट्रकमागे पाचव्या गिअरमध्ये रेंगाळणारी गाडी एका दणक्यात दुसऱ्यावर उतरली, तर साधारण १,३०० फेऱ्यांवर असलेले इंजिन ३,१०० च्या पुढे जाते आणि टॉर्क तेवढाच राहिला तरी चाकावरचे बल सुमारे २.४ पट होते.

मात्र २.४ पट बल म्हणजे २.४ पट लवकर ओव्हरटेक असे नव्हे, आणि जाहिरातींत हा फरक क्वचितच स्पष्ट केला जातो. स्थिर त्वरणाने अंतर कापताना लागणारा वेळ त्वरणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणून २.४ पट त्वरणाने वेळ जेमतेम दीड पटीने कमी होतो. हवेचा विरोध आणि चढ सोडून हिशेब मांडला, तर ट्रकला मागेपुढे सुरक्षित जागा ठेवून ओलांडण्यास त्याच्यापेक्षा सुमारे ५० मीटर अधिक जावे लागते. दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद वेग वाढवणाऱ्या गाडीला त्यासाठी दहा सेकंद लागतील, २.४ पट त्वरणाच्या गाडीला साडेसहा. समोरून ताशी ६० च्या वेगाने वाहन येत असेल, तर पहिल्या गाडीला सुमारे ३३० मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा, दुसरीला सुमारे २३०. गिअर उतरण्यास संगणकाने एक सेकंद घेतला, तर त्या शंभर मीटरच्या कमाईतील २८ मीटर केवळ वाट पाहण्यात जातात. जुना सराईत चालक आधी गिअर उतरवून मगच ट्रकच्या बाजूला गाडी काढत असे, तर किकडाऊनवर विसंबलेला चालक बाजूला निघाल्यावर गिअर उतरण्याची वाट पाहतो. हा क्रमातला बदल त्या सोयीची खरी किंमत आहे.

डिझेल गाड्यांत लाभ आणखी मर्यादित राहतो. डिझेल इंजिनाचा टॉर्क १,७५० ते २,५०० फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि फेऱ्यांची मर्यादा साधारण साडेचार हजारांवर येते, त्यामुळे फार खाली उतरल्यास इंजिन लगेच मर्यादेला टेकते आणि पुन्हा गिअर चढवावा लागतो. तेथे ॲक्सिलरेटर अर्ध्याहून थोडा अधिक दाबून एखादा गिअर उतरवणेच बहुधा अधिक फलदायी ठरते. पेट्रोल टर्बो सेडानची, म्हणजे इंजिनात दाबाने अधिक हवा भरणाऱ्या पेट्रोल गाड्यांची, गोष्ट वेगळी आहे; ती पुढे येईल.

महागड्या सेडान गाड्यांचे मराठवाड्यातले आगमन दोन कारखान्यांशी जोडलेले आहे. मर्सिडीज-बेंझने १९९४ साली टेल्कोबरोबर भागीदारी करून १९९५ पासून पिंपरीत ई-क्लास गाड्यांची जुळणी सुरू केली, आणि २००९ मध्ये ती चाकणला गेली. त्याहून जवळचा कारखाना बीडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, औरंगाबादजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. तेथे स्कोडाने २००१ साली ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या. महागड्या सेडानची बाजारपेठ केवळ मुंबई-पुण्यातच आहे, हा समज त्या व्यवहाराने मोडीत काढला.

स्कोडाच्या आरएस या वेगवान आवृत्तीचा क्रम या दृष्टीने लक्षणीय आहे. २००४ मध्ये भारतात आलेल्या १५० अश्वशक्तीच्या ऑक्टेव्हिया आरएसला हाताने टाकायचे पाच गिअर होते; २०११ च्या लॉरा आरएसलाही क्लच होता; २०१७ ची २३० अश्वशक्तीची आरएस मात्र सहा गिअरच्या डीएसजी पेटीसह आली. डीएसजी म्हणजे दोन क्लचची पेटी. सम आणि विषम गिअर दोन स्वतंत्र क्लचवर असल्याने पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवता येतो आणि क्लचची अदलाबदल तेवढी उरते. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून जोर पोहोचवणाऱ्या पेटीपेक्षा ही रचना गिअर चढवताना झटपट चालते. पण किकडाऊनमध्ये चारपाच गिअर एकदम उतरायचे असतील, आणि आधी जुळवलेला गिअर वरचा असेल, तर ही आघाडी पुष्कळशी गळून पडते. १,५०० फेऱ्यांपासूनच ३५० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या या गाडीला मुळात खटका दाबण्याची गरजही कमी वेळा पडते. पूर्वीचा चालक गिअर उतरवून जी उणीव भरून काढत होता, ती टर्बोने बरीचशी भरून काढली.

ही यंत्रे आली तेव्हा ज्या रस्त्यासाठी त्यांची गरज होती तो रस्ताही बदलू लागला होता. धुळे-सोलापूर मार्ग, पूर्वीचा २११ आणि आजचा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात येडशीपासून औरंगाबादपर्यंत चौपदरी झाला आणि गेवराई, बीड, चौसाळा या पट्ट्यात समोरून येणाऱ्या वाहनाची भीती बाळगून ओव्हरटेक करण्याची वेळ क्वचित येऊ लागली. श्रीमंत चालकाच्या पायाखाली किकडाऊनचा खटका असतो तो बहुतेक वेळा अशा चौपदरी रस्त्यावर, जिथे त्याचा उपयोग मुख्यतः हौसेपुरता उरतो.

दुपदरी रस्त्यांवर मात्र दसरा-दिवाळीनंतर वेगळेच दृश्य दिसते. ऊसतोडीसाठी उचल घेतलेल्या टोळ्या मुकादमांबरोबर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत संसार, जळण, पोरेबाळे आणि कधी बैलही लादलेले असतात. या गाड्यांचे गिअर हातानेच टाकावे लागतात आणि घाटातून खाली उतरताना चालक इंजिनाच्या ओढीवर वेग धरून ठेवतो. धारूरच्या अरुंद, तीव्र वळणांच्या घाटात त्यांच्या मागे अडकलेल्या सेडानला किकडाऊनचा काही उपयोग नसतो, कारण वळणापलीकडे दोनशे मीटर रस्ता दिसतच नाही. आणि उतारावर तर ती सोय अजिबात लागू पडत नाही, कारण किकडाऊन ॲक्सिलरेटर दाबल्यावरच जागे होते. तेथे चालकाने निवडदांडा हाताने खाली आणून दुसरा किंवा तिसरा गिअर पक्का धरावा लागतो, म्हणजे वेग ब्रेकऐवजी इंजिन आवरते आणि ब्रेकची चकती तापून निकामी होण्याचा धोका टळतो.